भिंतीवरची खरवडलेली राजा: हॅटशेपसूतचं नाव नेमकं कोणी पुसलं?

पारिजात

नमस्कार मंडळी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत २८ वर्षं मराठी शिकवलं. इतिहास माझा विषय नाही, म्हणून इथल्या जाणत्यांना विचारते आहे. फेब्रुवारीत धाकटी बहीण आणि तिचे यजमान यांच्याबरोबर इजिप्तला जाऊन आले. चार महिने होत आले, पण तिथली एक भिंत डोळ्यांसमोरून हलत नाही.

लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर, दैर अल-बहरी इथे हॅटशेपसूतचं मंदिर आहे. मागे सरळसोट कडा, त्याच्या पायथ्याशी एकावर एक तीन गच्च्या आणि मधून वर जाणारा रुंद उतार. फाटकापासून विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीने पुढे नेतात. मेहुण्यांचा गुडघा दुखत होता म्हणून ते खालीच सावलीला बसले. आम्ही दोघी वर गेलो.

मधल्या गच्चीच्या उजव्या टोकाला अनुबिसचं, म्हणजे कोल्ह्याच्या तोंडाच्या देवाचं, छोटं देवघर आहे. आत छतावर निळ्या रंगात पिवळ्या चांदण्या. साडेतीन हजार वर्षांचे रंग, पण बहीण म्हणाली, "ताई, काल दिलेत गं." देव सिंहासनावर बसलाय. समोर नैवेद्याची रास आहे: पाव, फळं, मांस, कमळं, एकावर एक नुसती रचलेली. आणि रास जिने वाढली ती मात्र नाही. तिथे फक्त माणसाच्या उंचीची खरवडलेली जागा आहे. मुकुटाचा आकार कळतो, पुढे केलेला हात कळतो, पावलं कळतात. त्यांच्या आत दगड ओबडधोबड झालेला.

गाईडने सांगितलं ते असं: हॅटशेपसूत राणी होती. नवरा गेल्यावर सावत्र मुलगा थुतमोस तिसरा लहान असल्याने तिने कारभार हाती घेतला आणि मग स्वतःच राजा झाली. ती मेल्यावर थुतमोसने सूड म्हणून तिचं नाव सगळीकडून पुसलं. हे सांगून तो पुढे निघाला, आणि जाता जाता एक वाक्य बोलला त्याने मी तिथेच थांबले. म्हणाला, आकृती दाढीवाल्या राजाची काढायचे, पण मजकूर बाईचा लिहायचे. 'रा देवाचा पुत्र' हे त्यांच्याकडे 'सा रा', आणि 'रा देवाची कन्या' म्हणायचं तर 'सात रा'. स्त्रीलिंगाचा तो 'त' म्हणजे पावाच्या उंड्यासारखी अर्धगोल खूण. पुसणाऱ्यांनी नावं खोडली, पण कितीतरी ठिकाणी हा उंडा तसाच राहिला.

मी आयुष्यभर मुलांना लिंग-वचन शिकवलं. आपल्या भाषेत तर विशेषण, क्रियापद सगळंच कर्त्याकडे बघून वळतं. 'राजा आला', 'राणी आली'. त्या भिंतीवर मात्र 'राजा आली' असं लिहिलं होतं आणि ते चुकून झालेलं नव्हतं. दगडावर कोरताना कोणी असं चुकत नाही. त्या एका अक्षरापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी बहिणीने हात धरून ओढलं.

मला विचारायचंय ते हे. सूडाची गोष्ट खरी आहे का? सूडच होता तर सगळंच का नाही पाडलं, देऊळ उभं कसं ठेवलं? आणि दुसऱ्या दिवशी मेदिनत हाबूच्या देवळात रामसेस तिसऱ्याचं नाव इतकं खोल कोरलेलं पाहिलं की अर्धा पंजा आत जाईल. भिंतीवर ज्याचं नाव आहे त्यानेच ते देऊळ बांधलं, असं धरून चालायचं का?

---

आडवाटेचा प्रवासी

ताई, मी केना शहराजवळ एका प्रकल्पावर साडेतीन वर्षं होतो. लक्सर तिथून तासाभरावर. शुक्रवारी सुट्टी, आणि माझे बहुतेक शुक्रवार कर्नाकच्या देवळात गेले. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

नाव बघून बांधणारा ठरवू नये. कर्नाकला शिरताना पहिला जो प्रचंड दरवाजा लागतो तो अख्ख्या देवळातला सगळ्यात नवा, पहिल्या नेक्टानेबोच्या काळातला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. तो पुरा झालाच नाही. आत गेल्यावर उजव्या हाताला मागे वळून पाहिलंत तर दगड वर चढवण्यासाठी केलेला कच्च्या विटांचा भराव अजून भिंतीला टेकून उभा आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी त्याच्यासमोर तासभर बसलो. इतकी वर्षं बांधकामावर काढली, आणि २३०० वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी परांची समोर होती, न काढलेली.

त्याच्या पुढे १३४ खांबांचा सभामंडप. मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच. लोक त्याला रामसेस दुसऱ्याचा म्हणतात. मंडप घडवला त्याच्या बापाने, सेती पहिल्याने. उत्तरेकडच्या भिंतींवर सेतीचं नाजूक उठावाचं काम आहे, दक्षिणेकडे मुलाने आत खोदलेलं. आणि तिसऱ्या दरवाजाच्या पोटात तर आणखी जुनी देवळं सापडली. अमेनहोतेप तिसऱ्याने तो दरवाजा बांधताना जुन्या वास्तू उतरवून त्यांचे दगड आत भरले होते. त्या भरावातून सेनुस्रेत पहिल्याचं पांढरं देवघर निघालं. हॅटशेपसूतच्या लाल देवघराचेही दगड तसेच निघाले. ते २००० च्या सुमारास पुन्हा जुळवून उभं केलंय, कर्नाकच्या आवारातच. चुकवू नका म्हणणार होतो, पण तुम्ही परत आलात. पुढच्या वेळी.

आता सूड. ही गोष्ट जुन्या पुस्तकांत आहे आणि गाईड मंडळींना ती सोडवत नाही, पण काळ जुळत नाही. हॅटशेपसूत साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८ गादीवर होती. तिच्या मृत्यूनंतर थुतमोस एकटा राजा झाला. आणि खोडाखोड सुरू झाली ती त्यानंतर जवळजवळ २० वर्षांनी, त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस. रागाने पेटलेला माणूस २० वर्षं थांबेल का? दुसरं असं की तो काही कोंडून ठेवलेला पोर नव्हता. ती गेल्यावर लगेच पुढच्या वर्षी त्याने सैन्य घेऊन मेगिद्दोपर्यंत, म्हणजे आजच्या इस्रायलपर्यंत, मजल मारली. सैन्य हाताशी असलेल्या माणसाला ती जिवंत असतानाच तिला हटवता आलं असतं. त्याने हटवलं नाही.

आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: ती राणी असतानाच्या, म्हणजे राजा होण्याआधीच्या तिच्या आकृत्या सहसा शाबूत आहेत. खोडली ती राजा म्हणून. तिच्या जागी कुठे थुतमोस पहिल्याचं, कुठे दुसऱ्याचं नाव घातलं, म्हणजे बापानंतर मुलगा, त्यानंतर त्याचा मुलगा अशी सरळ ओळ दिसावी. थुतमोसला म्हातारपणी आपल्या मुलाची, अमेनहोतेप दुसऱ्याची, गादी निर्वेध करायची होती, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

रिकाम्या जागा पाहिल्या की मला डेंडेराचं देऊळही आठवतं. तिथे राजाचं नाव लिहायच्या लांबट चौकटी कितीतरी ठिकाणी कोऱ्याच आहेत. टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवर शेवटी राज्य केलेल्या ग्रीक राजांच्या, घरात गादीवरून इतकी ओढाताण चालली होती की कोणाचं नाव कोरावं हेच कारागिरांना ठरवता येत नव्हतं. एडफूचं देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये संपलं. १८० वर्षं! पाया घालणाऱ्या पाथरवटाच्या पाच-सहा पिढ्या पुढच्या माणसाने दरवाजे बसवले. तिथे 'बांधलं कोणी' याला एकच नाव कसं देणार?

---

टाकीचे घाव

बाई, नमस्कार. आमचं घराणं पाथरवटांचं. आजोबा जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचे, वडील आणि मी मूर्ती घडवतो. पाच-सहा वर्षांपूर्वी इजिप्त पाहून आलो. पुस्तकातलं मला फारसं सांगता यायचं नाही, दगडातलं सांगतो.

तुम्ही म्हणालात की त्या जागी मुकुट, हात, पावलं कळतात. ते का कळतं ते ऐका. एखादी भिंत रागाने फोडायची असेल तर माणूस हातोडा घेऊन तोंडावर मारतो. नाक-डोळे जातात, बाकीचं तसंच राहतं. नंतरच्या काळात देवळात राहायला आलेल्या लोकांनी असे घाव घातलेत, ते वेगळे ओळखू येतात. पण तुम्ही पाहिलेली आकृती कोणीतरी छिन्नी लावून कडेकडेने, आतल्या आत उतरवलीय. शेजारच्या देवाच्या गुडघ्याला धक्का नाही, नैवेद्यातल्या पावाला धक्का नाही. हे रोजगाराने केलेलं काम आहे. एका दिवसाला इतकं, उद्या पुढचं. आणि करणारा स्वतः मूर्ती घडवणाराच असणार, नाहीतर इतकी सांभाळून कड धरता येत नाही. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला राजापेक्षा तो कारागीर जास्त आठवला. कदाचित त्याच्या बापाने किंवा आजानेच ती आकृती घडवली असेल. वीस वर्षं म्हणजे आमच्या धंद्यात एकच पिढी.

आता खोल नावाचं. दैर अल-बहरीचा दगड चुन्याचा, मऊ, गोरा. त्यावर हॅटशेपसूतचं काम उठावाचं आहे, म्हणजे आकृती वर ठेवून आजूबाजूची जमीन उतरवलेली. फार सुंदर, पण उठाव अगदी थोडा. पुसणाऱ्याला काय, तेवढाच थर काढला की आकृती गेली. उलट आत खोदलेलं काम घ्या. नाव तीन-चार बोटं आत गेलं की ते पुसायला भिंतीचं अख्खं तोंडच तेवढं मागे न्यावं लागेल. तेवढं कोण करणार? मेदिनत हाबूचं खोदकाम बघून मला वाटलं, या राजाने आधीच्यांचं काय झालं ते नीट बघितलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, ती कोणी सहसा सांगत नाही. त्या देवळात दोन वेगवेगळ्या पुसापुशी आहेत. एक हॅटशेपसूतची. दुसरी शंभरएक वर्षांनी झाली, अखेनातेनच्या वेळची. त्याला एकाच सूर्यबिंबाची पूजा हवी होती, म्हणून त्याच्या माणसांनी आमुन देवाचं नाव आणि आकृती जिथे दिसेल तिथे काढली. अखेनातेन गेल्यावर पुढच्या राजांनी आमुनला परत घडवला. पण एकदा उतरवलेल्या दगडावर परत उठाव काढायचा तर जमीन आणखी खाली न्यावी लागते. म्हणून दुरुस्त केलेला आमुन बाजूच्या भिंतीपेक्षा थोडा खड्ड्यात बसलेला दिसतो आणि त्याचं काम जरा जाडंभरडं लागतं. बाई, तुमच्याकडे फोटो असतील तर मोठे करून बघा, सापडेल. देवाला परत उभं केलं. तिला उभं करायला कोणी आलं नाही.

तुम्ही विचारलंत, देऊळच का नाही पाडलं? देऊळ आमुनचं होतं. दरवर्षी खोऱ्याच्या उत्सवात कर्नाकहून आमुनची नाव, म्हणजे पालखीच म्हणा, नदी ओलांडून तिथे यायची. देवाचं घर कसं पाडणार? बांधणारीचं नाव काढलं, घर ठेवलं.

आणि ज्याने बांधून घेतलं त्याचं नाव, ज्याने बांधलं त्याचं नाही, हे तर आमच्याकडेही चालतच आलंय. पण तिथे एक जण सापडतो. सेनेनमुत. तिचा कारभारी, मंदिराच्या कामावर देखरेख करणारा. वरच्या गच्चीवरच्या कोनाड्यांना लाकडी दारं होती. दार उघडलं की ज्या बाजूची भिंत झाकली जाते तिथे त्याने स्वतःची छोटी गुडघे टेकलेली आकृती कोरून घेतली, हात जोडल्यासारखी. दार उघडं असताना ती दिसायची नाही. त्याच्याही बऱ्याच आकृत्या नंतर खरवडल्या गेल्या, तरी काही राहिल्या. मला त्या बघायला मिळाल्या नाहीत, तिथे आत सोडत नाहीत. ती हळहळ अजून आहे.

---

निळावंती

तिघांचंही वाचलं. थोडं वेगळं मत मांडते.

सूड नव्हता, वारसाहक्काची सोय होती, हे बरोबर असेल. पण म्हणून ते सौम्य होतं असं मला वाटत नाही. तिचे पुतळे मंदिरासमोरच्या खाणीत आणि खड्ड्यांत तुकडे होऊन पडले होते. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या लोकांनी ते खणून काढले आणि जोडले. अलीकडे, २०२५ मध्ये, टोरांटो विद्यापीठातल्या एका संशोधकाने उत्खननाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्याचं म्हणणं असं की बरेच पुतळे मान, कंबर आणि पाय अशा ठरावीक जागी मोडले होते. पुतळ्यातली शक्ती काढून घेण्याची ती तिथली रीत, इतर राजांच्या पुतळ्यांबाबतही पाळलेली. बाकीची मोडतोड पुष्कळशी नंतर दगड वापरायला नेणाऱ्यांनी केली. म्हणजे पुतळ्यांपुरता राग आणखी कमी होतो, हे कबूल.

पण पुढचं बघा. अबिदोसला सेती पहिल्याच्या मंदिरात पूर्वजांची यादी कोरली आहे, ७६ नावांची. त्यात हॅटशेपसूत नाही. अखेनातेन नाही, तुतनखामुनही नाही. सेतीला तिचा राग असण्याचं काही कारण नव्हतं, दीडशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती. एका म्हाताऱ्या राजाने मुलाच्या सोयीसाठी केलेली गोष्ट पुढच्यांसाठी अधिकृत इतिहास झाली. मला तो सूडापेक्षा भयंकर वाटतो, कारण सूड निदान त्या माणसाबरोबर संपतो.

तरीही पारिजातताई, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मानेथो नावाच्या इजिप्तच्या पुजाऱ्याने ग्रीक भाषेत राजांची वंशावळ लिहिली. मूळ ग्रंथ हरवला, पण जोसेफस या ज्यू इतिहासकाराने त्यातले उतारे घेतले आहेत. त्यात या घराण्यात अमेसिस नावाची एक बाई येते, राज्य २१ वर्षं ९ महिने. तिचीच नोंद ती. १२०० वर्षं भिंतींवर नाव नाही, यादीत नाव नाही, आणि महिन्यांचा आकडा टिकला! देवळांच्या ग्रंथागारांत कोणीतरी पिढ्यानपिढ्या तो उतरवून घेत होतं. तिथवर छिन्नी पोहोचली नाही.

---

पारिजात

तिघांनाही मनापासून नमस्कार. तुमचे प्रतिसाद बहिणीला फोनवर वाचून दाखवले. २१ वर्षं ९ महिने ऐकल्यावर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

टाकीचे घाव, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. वरच्या गच्चीवरच्या एका फोटोत आमुन खरोखर खड्ड्यात बसल्यासारखा आहे! कडेला सावलीची बारीक रेघ पडली आहे. तिथे असताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि कोल्ह्याच्या देवघरातला फोटो परत पाहिला. नैवेद्यातल्या अगदी शेवटच्या पावाची कड आणि खरवडलेल्या हाताची कड यांच्यात बोटभरही अंतर नाही, आणि पाव अखंड आहे. त्या कारागिराबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचल्यापासून तो फोटो मला पहिल्यासारखा दिसत नाही.

'राजा आली'बद्दल थोडं शोधलं. चित्रलिपी उलगडणारा शांपोलियन १८२९ मध्ये दैर अल-बहरीला गेला तेव्हा तोही याच जागी अडखळला होता. दाढीवाला राजा, आणि त्याच्यासाठी वापरलेली नामं-क्रियापदं स्त्रीलिंगी! तिचं नाव त्याला धड लावता आलं नाही, पण व्याकरणावरून काहीतरी निराळं आहे हे त्याला कळलं. मला याचा फार आनंद झाला. नाव खोडलं, चेहरा खोडला, आणि ती सापडली प्रत्ययामुळे. माझे जुने विद्यार्थी भेटले की त्यांना हे सांगणार आहे.

आडवाटेचा प्रवासी, कर्नाकमध्ये मी तिचा स्तंभ मात्र पाहिला, तो एकाच दगडाचा. जवळजवळ ३० मीटर उंच, गुलाबी ग्रॅनाईटचा, आस्वानहून आणलेला. थुतमोसने त्याच्याभोवती भिंत बांधून तो झाकला होता असं गाईडने सांगितलं. भिंत पडल्यावर झाकलेला भाग वेगळ्या छटेचा राहिला, तो आम्हाला खालूनही दिसला. जोडीचा दुसरा पडलाय, त्याचं टोक पवित्र तळ्याजवळ ठेवलंय. तिथे आम्ही फोटो काढले आणि पुढे गेलो. घरी आल्यावर कळलं की त्या स्तंभाच्या पायथ्याशी तिचा लेख आहे. ते काम सात महिन्यांत पुरं झालं असं ती त्यात म्हणते. आणि पुढे म्हणते की लोक काय म्हणतील, पुढच्या काळात माझी स्मारकं पाहणारे आणि मी केलं त्याबद्दल बोलणारे, या विचाराने माझं मन इकडून तिकडे फिरत राहतं.

मी त्या अक्षरांपासून चार हातांवर उभी होते आणि मला ठाऊक नव्हतं.

आता एकच विचारते. त्या लेखाचं मूळ चित्रलिपीतलं वाचन, शब्दाखाली शब्द असं, कोणाकडे आहे का? 'माझं मन' म्हणताना तिने स्वतःसाठी कुठलं लिंग वापरलंय ते मला बघायचं आहे. फोटो आज रात्री चढवते.